श्रमनिद्रा देवीस, मग गांवास कां नको?

चैत्री पौर्णिमेची यात्रा आटोपली म्हणजे तुळजापूरच्या बाजारपेठेस उसंत मिळत असेल, असा परगांवच्या मनुष्याचा समज असतो. येथील व्यापाऱ्यास विचारा; तो हंसेल. शाळांस सुट्या लागलेल्या, लग्नसराई भरांत आलेली, नवें जोडपें कुलस्वामिनीच्या पायांवर घातल्यावांचून संसारास आरंभ करावयाचा नाहीं ही घरोघरची जुनी रीत, आणि सोलापूरकडील रस्ता मोटारींनीं अहोरात्र भरलेला. मंगळवार, शुक्रवार, रविवार व पौर्णिमा हे गर्दीचे दिवस पूर्वापारचे आहेत. उन्हाळ्यांत इतर वारही त्यांच्याशीं स्पर्धा करूं लागतात. पहांटे चरणतीर्थाच्या सुमारास उघडलेलें दुकान रात्र बरीच झाल्यावर मिटतें. मधल्या वेळांत बालाघाटच्या माथ्यावरील हें गांव ऊन सोशीत असतें, आणि पारा ४० अंशांपलीकडे गेला तरी त्याचें कोणास नवल वाटत नाहीं.

या गर्दीनें गांवाचें पोट भरतें, हें आम्ही जाणतों. कुंकू, कवड्यांच्या माळा, परड्या, बांगड्या, पेढे यांच्या विक्रीवर शेंकडों घरें उभीं आहेत, व चैत्र-वैशाखांत गांठीस पडलें तें आषाढांत कामास येतें. परंतु व्यापाऱ्यास हिशेब शिकविण्याची गरज नसते. जमेची बाजू तो रोज रात्रीं मांडतोच. नांवेच्या बाजूस काय पडतें, तें त्यानें एकदां प्रामाणिकपणें लिहून पाहावें, एवढीच आमची विनंती आहे. चौदा-पंधरा तास गादीवर बैठक, पत्र्याखालची धग, जेवणाच्या जागीं चहा व भजीं, पोरांचें तोंड दिसावयाचें तें तीं निजल्यावर. हा खर्च वहींत चढत नाहीं म्हणून तो होत नाहीं, असें नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकारानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणींत या देशांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह असल्याचें दिसून आलें. आणि खेड्यांपेक्षां शहरांत त्याचें प्रमाण पुष्कळच अधिक आढळलें. बसून धंदा करणाऱ्या वर्गानें या आंकड्यांत आपलें नांव शोधावें.

“दिवसभर राबतों, मग निराळा व्यायाम कशाला?” हें उत्तर आम्हांस पाठ झालें आहे. राबणें आणि व्यायाम यांत भेद आहे. राबण्यांत एकच अंग झिजतें व बाकीचीं आंखडतात. मन तर क्षणभरही मोकळें नसतें. व्यायामानें सर्व शरीर हलतें, श्वास मोठा होतो, आणि नंतर जी विश्रांति मिळते ती खरी विश्रांति असते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलेलें किमान माप आठवड्यास १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीचें आहे. म्हणजे पांच दिवस रोज अर्धा तास. यास आखाडा नको कीं यंत्रें नकोत. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि स्वतः नित्य सूर्यनमस्कार घालीत, आणि आपल्या संस्थानांतील शाळांत त्यांनीं ते चालू केले, याचें कारणच हें कीं एका सतरंजीच्या जागेंत, एका पैच्या खर्चावांचून, लहानथोरांस तो व्यायाम साधतो. उन्हाळ्यांत मात्र तो ऊन चढण्यापूर्वीं किंवा सूर्य मावळल्यावर करावा. उष्म्याची संवय होण्यास शरीरास एक-दोन आठवडे लागतात. पहिल्याच दिवशीं पन्नास नमस्कार घालून दुसऱ्या दिवशीं अंथरूण धरणाऱ्या उत्साही मंडळींसाठीं हें सांगून ठेवितों.

पण पुरुषाच्या प्रकृतीचा विचार झाला म्हणजे घराचा विचार झाला, असें समजण्याची जी आमच्या समाजाची खोड आहे, तिजबद्दल अधिक बोललें पाहिजे. उन्हाळा हा दुकानाचा हंगाम खरा, पण घरांतील स्त्रीचा हंगाम त्याहून कठीण. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, वर्षाचें लोणचें, सारें याच दिवसांत. माहेरपणास आलेल्या लेकी व त्यांचीं मुलें याच दिवसांत. पुजाऱ्यांच्या घरीं यजमान मंडळी उतरतात. त्यांचा पुरणपोळीचा नैवेद्य शिजवावयाचा तोही याच दिवसांत, दुपारच्या वेळीं, चुलीपुढें किंवा गॅसपुढें. पाण्याची ओढ असली तर नळाची वाट पाहात जागावयाचें तेंही तिनेंच. केंद्र सरकारनें २०१९ सालीं लोक आपला वेळ कसा घालवितात याची पाहणी केली. तींत घरकाम करणाऱ्या स्त्रीची रोजची सरासरी २९९ मिनिटें भरली, आणि पुरुषाची ९७. हे ९७ मिनिटांचे पुरुषदेखील ज्यांनीं घरकामास मुळांत हात लावला ते. न लावणारे या सरासरींत नाहींतच! नवरा पहांटे फिरावयास जाऊं लागला, आणि परत येतांच त्याच्यापुढें न्याहारी आलीच पाहिजे म्हणून बायको आणखी अर्धा तास आधीं उठूं लागली, तर त्या सुधारणेस आम्ही सुधारणा म्हणणार नाहीं. घराचा पुरुष व्यायामास अर्धा तास काढील, तर त्यानें तितकाच वेळ घरांतील कामास देऊन तिचाही अर्धा तास मोकळा केला पाहिजे.

हा मोकळा वेळ आणावा कोठून? येथें तुळजापूरकरांस दूर पाहण्याचें कारण नाहीं. आमच्या देवीची मूर्ति चल आहे, व वर्षांतून तीनदां तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवितात. भाद्रपदांत घोरनिद्रा, पौषांत मोहनिद्रा, आणि दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर अश्विनी पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा. नऊ दिवस महिषासुराशीं झुंजल्यावर आदिशक्तीसही शीण येतो, आणि त्या शिणाचा परिहार झालाच पाहिजे, असें आमच्या पूर्वजांनीं मानिलें. त्यासाठीं अहिल्यानगर जिल्ह्यांतून पलंग येथवर आणण्याचा थाट त्यांनीं ठेविला. सिंहासन रिकामें राहिलें म्हणून भक्तांचा भाव उणा होत नाहीं. मग दुकानाची गादी तीन तास रिकामी राहिली तर गिऱ्हाईक कायमचें तुटेल, ही भीति कोठून आली?

“मीं बंद केलें तर शेजारी विकेल” हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यास उपदेशानें उत्तर देतां येत नाहीं. एकट्यादुकट्याच्या निग्रहानें हें होणारें कामच नव्हे. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांस एकत्र करून आठवड्याची सुटी मागितली, ती कोणा एका गिरणीपुरती नव्हे, सर्व गिरण्यांस एक नियम लागला, तेव्हांच १८९० च्या जून महिन्यांत रविवारची सुटी मिळाली. २०१७ सालच्या दुकानें व आस्थापनांच्या कायद्यानें महाराष्ट्रांतील नोकरवर्गास साप्ताहिक सुटीचा हक्क दिला आहे खरा. परंतु चार-दोन माणसांच्या दुकानांस त्याचीं बहुतेक बंधनें लागू नाहींत, आणि आमच्या पेठेंत बहुतेक दुकानें तशींच आहेत. जें कायदा करीत नाहीं तें पेठेनें आपसांत ठरवून करावें. पुणेकरांच्या दुपारच्या बंद दुकानांची थट्टा आपण पुष्कळ केली. स्पेनांतही हीच रीत जुन्या काळापासून आहे, आणि दोन्ही ठिकाणीं व्यापार बुडाल्याचें ऐकिवांत नाहीं.

आमची सूचना अशी. गर्दीचे तीन वार व पौर्णिमा सोडून द्यावी. राहिलेल्या सोमवार, बुधवार, गुरुवार व शनिवार या चार दिवशीं दुपारीं १ ते ४ महाद्वारासमोरील पेठेनें पाळीपाळीनें दुकानें मिटावीं. एका दिवशीं एक ओळ, दुसऱ्या दिवशीं समोरची, म्हणजे दर्शनास आलेल्या माणसास हळदकुंकवावांचून परत जावें लागणार नाहीं. राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरण दुपारीं १२ ते ३ उन्हांत फिरूं नका म्हणून दरसाल बजावतें. तेव्हां याच वेळांत यात्रेकरूही सांवली शोधीत असतो, व नगरपरिषदेनें आणि देवस्थानानें त्या सांवलीची व पाण्याची तरतूद वाढविली तर दुकानदाराचें नुकसान आणखीच कमी होईल. दुकानांतील पोऱ्यासही हीच सुटी मिळाली पाहिजे. मालक घरीं निजलेला आणि पोऱ्या पत्र्याखाली माल मोजीत बसलेला, हा प्रकार आम्हांस अभिप्रेत नाहीं. त्या तीन तासांत जेवण मुलांच्या पंक्तीस व्हावें, भांडीं पुरुषानें उचलावीं, आणि मोबाईल दुकानांतच ठेवून यावा. ज्यांचें दुकान पहांटेच उघडतें त्यांनीं भावाभावांत किंवा बापलेकांत वार वांटून घेऊन एकानें सकाळ व दुसऱ्यानें संध्याकाळ व्यायामास धरावी. घरांतील स्त्रियांनींही आपले वार स्वतः ठरवावे, व ते दिवस वाळवणास किंवा पाहुण्यांस देऊं नयेत.

अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत एवढाच काळ हा प्रयोग करून पाहावा, आणि गल्ल्याचा आंकडा गेल्या सालच्या त्याच दिवसांशीं ताडून पाहावा. घट खरोखर आली तर ती कोणत्या ओळीस व किती, हें वह्या उघडून बोलतां येईल. या स्तंभांत तो हिशेब छापण्यास आम्ही तयार आहों. पेठेंतील मंडळींनीं येत्या बुधवारीं दुपारींच एकत्र जमावें. गर्दीचा वार नव्हे, म्हणून सबबही चालणार नाहीं.