मेंदूच्या वेशीवरचा पहारा



पूर्वी गावाला वेस असायची, हे आजी-आजोबांकडून ऐकलंय ना? रात्री वेस बंद झाली, की ओळखीच्या माणसालाच आत प्रवेश. आपल्या मेंदूलाही अशीच वेस आहे, बरं का!

मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की मधे फटच राहत नाही. प्राणवायू आणि साखर आत जाते. बहुतेक जंतू, विषारी पदार्थ आणि कित्येक औषधंसुद्धा बाहेरच थांबतात.

पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिला. इतर अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच! १९१३ मध्ये त्यांचे शिष्य गोल्डमन यांनी उलटं केलं. मेंदूभोवतीच्या द्रवात रंग सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे मधे भिंत आहे, हे नक्की झालं.

पण या भिंतीला तडा गेला तर? डोक्याला जोराचा मार, मेंदूज्वर, पक्षाघात यांत तसं होऊ शकतं. माठ पाझरतो का, हे आपण माठ फोडून बघत नाही; खालची ओल बघतो. शास्त्रज्ञही रक्तात अशीच ओल शोधतात.

'एस-१०० बी' नावाचं एक प्रथिन मेंदूच्या पेशींत भरपूर असतं. भिंत फुटली, की ते रक्तात उतरतं. पण गंमत अशी, की ते चरबीच्या पेशींतही असतं! नुसतं हाड मोडलं तरी रक्तात वाढतं. म्हणून ते जास्त दिसलं, तर लगेच मेंदूला इजा झाली असं म्हणता येत नाही. कमी दिसलं, तर मात्र धीर येतो. स्वीडन-नॉर्वेकडच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये ठरवलं, की डोक्याला किरकोळ मार लागलेल्या काही मोठ्या माणसांत सहा तासांच्या आत हे प्रमाण कमी आढळलं, तर सीटी स्कॅन टाळता येईल.

आपल्या नागपुरातही असा शोध चालला. तिथल्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसच्या संशोधकांनी पक्षाघाताच्या रुग्णांचं रक्त तपासलं. त्यांना एक प्रथिन गैरहजर आढळलं! रुग्ण सुधारू लागला, तसं ते परत दिसू लागलं. हे त्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलं. वर्गात हजेरी घेताना कोण आलं नाही, यावरूनही बरंच कळतं, तसंच हे.

एवढी खटपट कशाला? आमच्या मंठ्यासारख्या गावांसाठीच समजा ना! मोठी यंत्रं शहरात असतात. कुणाला तातडीने तिकडे न्यायचं, हे उद्या रक्ताच्या थेंबावरून कळलं, तर किती जीव वाचतील!

तोवर पहारा आपणच द्यायचा. सायकलवरून, झाडावरून पडलात आणि डोकं आपटलं, तर रागावतील म्हणून लपवू नका. लगेच घरी सांगा. पालकांनो, तुम्हीही आधी रागावू नका, आधी विचारा. उलट्या, झटके, गुंगी, बोलण्यात गडबड किंवा नाका-कानातून पाणी अथवा रक्त आलं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. तडक दवाखाना गाठा.

वेशीचा पहारेकरी बोलू शकत नाही. तुम्ही मात्र बोला!