माती नंतर धुऊन देऊ म्हणणाऱ्यांना काय विचारायचं?



कारखान्यासाठी जमीन मागायला येणारे साहेब हल्ली नवीन गोष्ट सांगतात. "माती-पाणी खराब झालं तरी घाबरू नका, आता औषध निघालंय. केमिकल सोडून पुन्हा साफ करून देऊ." आमचं म्हणणं आहे, या बोलण्यावर कोणी सही-अंगठा करू नये.

औषध खोटं नाही. जमिनीत बोअर मारून परमँगनेट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, त्याने काही विषं फुटून जातात. पाण्यात विरघळलेलं विषारी क्रोमियम फेरस सल्फेटने खाली बसतं, विष कमी होतं. पण ते राहतं जमिनीतच.

दुसरं असं की औषध जिथं पोचेल तिथंच काम करतं. वाळूत पसरतं, पण चिकण मातीत आणि कातळाच्या भेगांत सगळीकडे पोचत नाही. आपल्या सह्याद्री-सातपुड्यात तर खाली काळा कातळच आहे. त्याच भेगांतून आपले झरे वाहतात. विष कुठल्या भेगेत गेलं, हे कोण शोधणार?

राजस्थानात उदयपूरजवळ बिछरी गाव आहे. १९८८ च्या सुमाराला तिथं रंगाच्या धंद्यात लागणारं एच-ॲसिड बनवलं. माल निघाला सुमारे ३७५ टन आणि विषारी गाळ २,४०० टनांच्या वर. तो उघड्यावर टाकला. पावसात मुरला, विहिरी गेल्या. ना माणसाला पाणी, ना गुराला, ना शेताला. लोक उठले तर १४४ कलम लावलं. १९९६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ज्याने घाण केली त्यानेच खर्च भरायचा. खर्च ठरला ३७ कोटींच्या वर. तो भरा म्हणून २०११ ला त्याच कोर्टाला पुन्हा हुकूम काढावा लागला, व्याजासकट. तोवर पंधरा वर्षं गेली.

म्हणून ग्रामसभेत हे विचारा:

१. औषध कोणतं, आणि आपल्या कातळात ते चालतं याचा पुरावा काय?
२. सफाईचा पैसा आधीच बँकेत ठेवणार का?
३. पाणी कोण तपासणार? कंपनीच, की गावाने निवडलेली प्रयोगशाळा?
४. साफ होईपर्यंत आम्ही प्यायचं काय?

उत्तरं लेखी घ्या, ठरावाच्या वहीत लावा. अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारलंच पाहिजे, असं पेसा कायदा सांगतो. जिथं जमीन आधीच नासली आहे तिथं सफाई मागाच, पण आधी वरचा गाळ उचलायला लावा. गाळ तसाच ठेवून खाली औषध सोडणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

दवाखान्यात औषध आहे म्हणून कोणी साप चावून घेत नाही.