बुटका खांब

२००८ साली आमच्याकडे लाईट कधी जाणार ते सगळ्यांना पाठ असायचं आणि नक्की कधी येणार ते कुणालाच ठाऊक नसायचं. परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्या अंबाजोगाईपासून पंचवीसेक किलोमीटरवर, पण ते अंधाराला कोण सांगणार! मिक्सर, पिठाची गिरणी, पाण्याची मोटार, सगळ्यांचं वेळापत्रक लाईटच्या हातात. त्यात त्या दिवाळीला आणखी एकाची भर पडली. पुण्याच्या भाऊजींनी त्यांच्या मुलाचं वापरून झालेलं गेमचं यंत्र आमच्या पोरांसाठी आणलं. प्लेस्टेशन टू. काळं, वजनदार, जुन्या व्हीसीआरसारखं दिसणारं.

तेव्हा माझी मुलगी दहा वर्षांची आणि मुलगा आठ वर्षांचा. त्याआधी पोरांनी पाहिला होता तो कॅसेट खोचायचा साधा गेम. मारिओ, कॉन्ट्रा वगैरे. त्यात कॅसेट नसेल तर पडद्यावर काहीच नाही. या यंत्राचं तसं नव्हतं. डिस्क नसली तरी ते चालू व्हायचं. अंधारात धुक्यातून खांब उभे असल्यासारखे दिसायचे, घुम्म असा आवाज व्हायचा आणि मग पडद्यावर इंग्रजीत दोनच ओळी उरायच्या. एक ‘ब्राउझर’, दुसरी ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’. मला स्वयंपाकघरात तो घुम्म आवाज ऐकू आला की समजायचं, लाईट आली. मी उठून मिक्सर लावायची.

यंत्र जुनं असल्यामुळे आतली बटणाएवढी बॅटरी संपलेली होती. त्यामुळे दर वेळी लाईट गेली की ते सगळं विसरायचं आणि परत आल्यावर पहिल्या दिवसासारखं विचारायचं, भाषा कोणती? वेळ काय? इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, इटालियन, डच, पोर्तुगीज. सात भाषा. आमच्याकडे दिवसातून चार-चार वेळा हा प्रश्न यायचा. सासूबाई एकदा वाती करता करता म्हणाल्या, ‘‘एवढं इचारायलंय तर सांगा की त्याला, मराठी म्हणून.’’ आम्ही सगळे हसलो. पण म्हातारीचं काय चुकलं होतं? जपानमध्ये मार्च २००० मध्ये निघालेलं हे यंत्र पुढे जगभरात पंधरा कोटींच्या वर खपलं. २००९ साली हैदराबादेत त्याच्यासाठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा संपूर्ण भारतात तयार झालेला पहिला खेळ निघाला. त्याच वर्षी ‘देसी अड्डा’ आला, त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता, पतंग होते. खेळ आपले आले. पण जानेवारी २०१३ मध्ये या यंत्राचं उत्पादन बंद झालं, तोवर आमच्या घरातल्या त्या पहिल्या पडद्याला काही मराठी आली नाही.

आता खेळायचं कुणी, याचा घरात नियम होता आणि तो माझाच होता. ‘‘आधी त्याला खेळू दे, तो लहान आहे.’’ मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही तोंडून गेलं असेल. ऐकायला किती समजूतदार वाटतं! त्याचा एक तास व्हायचा, मग ‘‘आणखी पाचच मिनिटं मम्मी’’ व्हायचं, आणि ताईची पाळी येईपर्यंत एक तर कणीक मळायची वेळ व्हायची नाही तर लाईट जायची. ती कधी रडली नाही. मला वाटायचं, हिला या गोष्टींची आवडच नाही. पाहुण्यांनाही मी तसंच सांगायची.

पण लाईट आल्यावर यंत्र चालू करून भाषा लावायची, वेळ लावायची, हे काम मात्र तिच्याकडे आलं होतं. मुलाला त्याचा कंटाळा. तो म्हणायचा, ‘‘ताई, तू चालू करून ठेव, मी आलोच.’’ आणि तो अंगणातून येईपर्यंतची दोन-तीन मिनिटं तिची असायची. त्या दोन-तीन मिनिटांत पडद्यावर खेळ नसायचा, नुसती ती दोन ओळींची यादी असायची. पोरगी त्या यादीतच हिंडायची. कुठलं बटण दाबलं की आत जातं, कुठलं दाबलं की मागे येतं, कशाने काय बदलतं. कुणी शिकवलं नाही, पुस्तकही नव्हतं.

हे मला कळलं ते सासूबाईंमुळे. त्यांना नणंदेच्या लग्नाची सीडी बघायची हुक्की आली. आमचा सीडी प्लेअर बिघडलेला. मी म्हटलं, यातही तबकडीच जाते की, आणि दिली घालून. सगळा पडदा लालभडक! वर इंग्रजीत काहीतरी दटावणी. माझ्या पोटात गोळा. भाऊजींची वस्तू, आता यांना काय तोंड दाखवू? मुलगी आली, डिस्क काढली आणि शांतपणे म्हणाली, ‘‘मम्मी, काही बिघडलं नाही. ही व्हीसीडी आहे. याला डीव्हीडी चालते, गाण्याची सीडी चालते, व्हीसीडी चालत नाही.’’ मग तिने कपाटातून अभंगांची सीडी आणली, ब्राउझरमध्ये जाऊन गाणी उघडली आणि आजीला विचारलं, ‘‘कितवा लावू?’’ सासूबाई खूश. त्यानंतर रोज संध्याकाळी अर्धा तास गेमच्या यंत्रावर अभंग लागायचे आणि मुलगा पाय आपटत बाहेर जायचा. आजीच्या नावावर नातीने मिळवलेला तो अर्धा तास होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मुलगा पुढे इंजिनिअर झाला. मध्ये बोलता बोलता त्याने सांगितलं की ही यादी म्हणजे त्या पिढीच्या यंत्रांची खासियतच होती. डिस्कवर चालणारी यंत्रं आली तशी ही पद्धत रुळली, कारण तीच डिस्क गाण्याचीही असू शकत होती आणि खेळाचीही, म्हणून यंत्राला स्वतःचं एक दार हवं झालं. १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये त्या दारात दोनच गोष्टी होत्या, मेमरी कार्ड आणि सीडी प्लेअर. एका कार्डावर पंधरा चौकटी, मिसळणाच्या डब्यासारख्या. एक खेळ एक चौकट घेई, दुसरा दोन-चार. त्याच वर्षी आलेल्या सेगा सॅटर्नमध्ये गाणी लावली की पडद्यावर अवकाशयान दिसायचं, पण यंत्रात जपून ठेवलेलं सगळं एका बटणाएवढ्या बॅटरीच्या भरवशावर. ती संपली की साठवण गेली. २००१ च्या गेमक्यूबमध्ये फिरणारा ठोकळा होता, त्याच्या एका बाजूला चक्क कॅलेंडर. मी यातलं काही पाहिलेलं नाही. पण आमच्या यंत्रावरून सांगते, त्या लोकांनी पहिल्या पानावर फार थोडं ठेवलं होतं आणि ते फार बरं केलं होतं. आता टीव्ही लावला तरी आधी दहा चित्रं अंगावर येतात आणि त्यातली निम्मी काहीतरी विकायला बसलेली असतात. तिथे दोन ओळी होत्या. चुकलं तर मागे यायचं. काही पुसायचं असेल तर ते आधी विचारायचं, पुसू का? हो की नाही? दहा वर्षांच्या पोरीला एकटीने शिकता आलं ते म्हणूनच.

तर मेमरी कार्ड. खेळ कुठपर्यंत आला ते या कार्डात साठतं. आमच्या यंत्राचं कार्ड आठ एमबीचं. आजच्या मोबाईलमधल्या दोन-तीन फोटोंत भरेल एवढं, पण तेव्हा त्यात कितीतरी खेळ मावायचे. तरी ते भरायचंच. जागा नाही असं यंत्र म्हणालं की मुलगा ओरडायचा, ‘‘ताईऽऽ, कार्ड!’’ मग ती ब्राउझर उघडायची. प्रत्येक खेळाचं एक छोटं चित्र तिथे गोल फिरत असे, खाली तो किती जागा खातो ते केबीमध्ये. ती वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी करायची, भैयाला विचारून जुने काढायची, नव्याला जागा करून द्यायची. मी कौतुकाने सगळ्यांना सांगायची, बघा, कपाट आवरावं तसं कार्ड आवरते, किती गुणी! कार्ड तिने आवरायचं आणि खेळायचं त्याने, यात मला काहीच खटकलं नाही. कसं खटकणार? मी स्वतः तेच करत होते. रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक, सातबाऱ्याचे उतारे, पोरांचे दाखले, सगळं माझ्या पेटीत नंबरवार. त्यातला एकही कागद माझ्या नावाचा नव्हता.

२०१० च्या उन्हाळ्यात भाऊजी आले तेव्हा त्यांनी तिला विचारलं, तुला काय आणू? तेव्हा ती म्हणाली, कबड्डीवाली. आम्ही सगळे चकित. हिला कधीपासून हवं होतं? गणपतीत ‘देसी अड्डा’ची डिस्क आली. पोरगी शाळेच्या कबड्डीत चढाई करणारी, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस मजेत गेले. मग पुन्हा पाळी, कणीक आणि लाईट.

त्याच सुमाराची एक दुपार मला अजून आठवते. लाईट नुकतीच आली होती. मी गहू निवडत होते, ती यंत्र चालू करत होती. ते खांब दिसले आणि ती म्हणाली, ‘‘मम्मी, हे खांब कशाचे आहेत माहितीये?’’ मला वाटलं शोभेचे. ‘‘नाही. कार्डात ज्या ज्या खेळाची नोंद आहे त्याचा एकेक. जो खेळ जास्त वेळा लावला त्याचा उंच होतो. मी रोज बघते ना. हे सगळे भैयाचे.’’ मग पडद्याजवळ जाऊन तिने एका ठिकाणी बोट ठेवलं. ‘‘हा बुटका माझा. कबड्डी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. त्यानंतर वाढलाच नाही.’’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाण्याची टाकी किती भरली ते सांगावं तसं सांगितलं. मी गहू निवडत राहिले. काय बोलणार? खेळाची आवड नाही म्हणून मी जिला गावभर मिरवलं, तिने वर्षभर रोज उभं राहून स्वतःचा हिशोब बघितला होता.

आता मी गेली बारा-तेरा वर्षं बचत गटांचं आणि शाळा सुटलेल्या मुलींचं काम करते. ‘पोरीला आवडच नाही’ हे वाक्य मला प्रत्येक गावात भेटतं. गणित आवडत नाही, सायकल आवडत नाही, मोबाईलमधलं कळत नाही. आवड नाही असं आपण कशावरून ठरवतो? तिने किती केलं त्यावरून. आणि तिने किती केलं ते कशावर ठरतं? तिच्या वाट्याला किती आलं त्यावर. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर आले, तेव्हा केज-धारूरकडच्या वस्त्यांवर मी हेच पाहिलं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात मोबाईल एकच. तो भावाच्या हातात. बहीण शेजारी बसून त्याची वही उतरवून घ्यायची, आणि मोबाईल अडला की मात्र तिलाच हाक. चार्जिंग ती लावायची, रेंज कुठे येते ते तिला माहीत, जागा भरली की फोटो तीच पुसायची. आणि तिची आई मला कौतुकाने सांगायची, ‘‘लई हुशार हाय बघा, समदं तीच बघती.’’ मला माझाच आवाज ऐकू यायचा.

एका आईला मी विचारलं, मग अर्धा तास मोबाईल तिला एकटीला का देत नाही? ती म्हणाली, ‘‘तिला कुठं लागतो?’’ यावर भांडून उपयोग नसतो. मी तिला बुटक्या खांबाची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली आणि म्हणाली, ‘‘तुमच्या घरीबी तसंच की मग.’’ तसंच होतं बाई, म्हणून तर सांगते.

हे लिहिलं तर मुलगा रागावेल असं वाटलं होतं. त्याने वाचलं आणि म्हणाला, ‘‘मी आठ वर्षांचा होतो, मम्मी. पाळ्या तू लावायचीस.’’ खरं आहे. हे मी त्याच्या खात्यावर टाकू शकत नाही.

मुलगी आता नोकरीला संभाजीनगरला असते. मागच्या दिवाळीत दोघं घरी होती. माळ्यावरून यंत्र काढलं, पुसलं. नव्या टीव्हीला त्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरींची भोकंच नाहीत, म्हणून मुलाने बाजारातून काहीतरी जोडणी आणली. यंत्र चालू झालं. आधी भाषा विचारली, सातच. मग वेळ. सासूबाई आता नाहीत, पण त्यांचं वाक्य तिघांच्याही तोंडातून एकदमच निघालं. मग ते धुकं, तो घुम्म आवाज आणि खांब. भैयाचे उंच, आणि कडेला तो बुटका, होता तिथे आणि होता तेवढाच.

मुलाने स्वतःच कबड्डीची डिस्क शोधून घातली. रिमोट तिच्या हातात दिला, स्वतः खाली सतरंजीवर बसला. यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. लेन्स गेली आहे म्हणे. खेळाची, गाण्याची, कुठलीच डिस्क ते वाचत नाही. फक्त ती पहिली यादी तेवढी अजून स्वच्छ उघडते. तिने रिमोट ठेवला नाही. ब्राउझर उघडलं, कार्डात शिरली आणि म्हणाली, ‘‘अजून जागा आहे.’’

अंबाजोगाईत किंवा लातूरला अशी जुनी लेन्स बसवून देणारा एखादा कारागीर कुणाच्या माहितीत असेल तर जरूर कळवा. ती सुट्टीत येते तेव्हा चार-पाचच दिवस असते, आणि आता लाईटही बऱ्यापैकी टिकते.