भोंगा कुणासाठी?

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी १ वाजता वादळाचा इशारा देणाऱ्या भोंग्यांची चाचणी होते. पुण्याहून नुकतेच आलेले आई-बाबा दचकतात, आपण हसतो. पण ६ मे १९६५ला शेजारच्या चॅनहॅसनसह ट्विन सिटीज परिसरावर टोर्नेडो कोसळले, १३ माणसं गेली. युद्धाच्या भीतीने बसवलेले भोंगे इथे वादळासाठी पहिल्यांदा वाजले ते त्याच संध्याकाळी. भोंगा मुळात घराबाहेर असलेल्यांसाठी. बंद खिडक्यांआड तो ऐकू येईलच असं नाही. घरात भिस्त मोबाइलवर, आणि २०१२पासून त्यावर मिळणारा सरकारी इशारा येतो इंग्रजीत, फार तर स्पॅनिशमध्ये. या भाषा न कळणारे आजी-आजोबा ज्या घरांत आहेत, त्यांना हे पुरत नाही. तूर्त घरातल्यांना एवढं सांगून ठेवा: चाचणीची वेळ नसताना भोंगा वाजला, तर बघायला बाहेर नाही, तळघरात जायचं.