जप्तीचे किलो नकोत, पुडी मिळते का ते मोजा

‘लाखोंचा गुटखा जप्त’ ही बातमी आता हवामानाच्या अंदाजाइतकी नेहमीची झाली आहे. टेम्पो, पोती, शेजारी पोलीस आणि अन्नसुरक्षा अधिकारी, असे छायाचित्रही ठरलेले. त्यांचे श्रम खोटे नाहीत. पण राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली ती जुलै २०१२ मध्ये. पुढे सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा, खर्राही त्या बंदीत आले. इतक्या वर्षांनंतरही माल पोत्यांनी सापडत असेल, तर ते यश मानायचे, की मागणी शाबूत असल्याची पावती?

सरकारी रुग्णालयात आमचे माप वेगळे असते. रुग्णाने तोंड उघडायचे आणि स्वतःची तीन बोटे उभी आत घालून दाखवायची. एकच बोट जात असेल, तर गालाच्या आतले अस्तर ताठ, पांढुरके झालेले असते. याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ म्हणतात. त्याचे मुख्य कारण सुपारी. तंबाखू जोडीला आली की कर्करोगाचा धोका आणखी वाढतो. व्यसन सुटले तरी आलेला ताठरपणा सहसा पुरता जात नाही. म्हणून पहिली पुडी हातात पडण्याआधीच कायदा पोहोचायला हवा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. त्यात साधी तंबाखू आणि मिश्रीही आली, हे खरे. पण सवय किती खोल आहे, ते यावरून कळते.

व्यापाऱ्यांनी पळवाटही काढली. एका पुडीत पानमसाला, दुसरीत तंबाखू; गिऱ्हाईक ती तळहातावर एकत्र करते. महाराष्ट्रात पानमसाला आणि सुगंधी तंबाखू दोन्ही बंद. पण जिथे पानमसाला विकायला मोकळीक आहे, तिथून माल येतच राहतो. धाडीत सापडतो तो बहुधा टेम्पोचालक किंवा पानवाला. गोदामाचा मालक आणि कारखानदार दूरच राहतात. अन्नसुरक्षा कायद्याबरोबर तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेखालीही खटला चालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले होते. पुडीचा माग वरपर्यंत काढायलाच हवा.

आता खालच्या टोकाला या. शाळेपासून शंभर यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरमध्ये, तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. ठाकूरद्वारसारख्या भागात, जिथे शाळा, वाड्या आणि दुकाने एकमेकांना खेटून आहेत, हे अंतर चार दुकाने आणि एक वळण एवढेच. नियम खरोखर पाळला, तर इथल्या किती पानाच्या गाद्यांवर तंबाखू उरेल? पण या कलमाचा दंड फार तर २०० रुपये. तो धंद्याचा खर्च म्हणून भरता येतो. याउलट २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे हत्यार म्यानातच का ठेवायचे?

बंदीने काळाबाजारच वाढतो, मग ती उठवा, असे काही जण म्हणतात. बंदी उठली तर माल उघड मांडला जाईल, जाहिराती येतील आणि मुलांना तो आजच्यापेक्षा सहज मिळेल. अंमल ढिला असेल तर अंमल सुधारायचा.

म्हणून मागणी साधी आहे. जप्तीच्या आकड्याबरोबर किती खटल्यांत शिक्षा झाली आणि पुडीचा माग किती वेळा गोदामापर्यंत पोहोचला, हेही दरवर्षी जाहीर व्हावे. प्रत्येक पोलीस ठाण्याने हद्दीतल्या शाळांभोवतीचे शंभर यार्ड नियमित तपासावेत. आणि ज्यांना सोडायचे आहे, त्यांना १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक माहीत असावा. गणवेशातल्या मुलाने सुटे पैसे पुढे केले आणि पुडी मिळाली नाही, तर त्या दिवशी बंदी लागू झाली असे म्हणता येईल.