पेशीचे दार

आपण जेवतो तशी पेशीही जेवते. तिच्या आवरणाला खळगा पडतो, क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी त्यास वेढते आणि बाहेरील द्रव्य आत ओढले जाते. या कामी ‘एएके-१’ हे विकर साहाय्य करते. त्याचे जनुक आपल्या दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. जाळी व आवरण यांना सांधणाऱ्या प्रथिनावर ते फॉस्फेट चढविते, आणि द्रव्यावरील पकड दृढ होते.

पण याच वाटेने काही विषाणूही शिरतात. म्हणून २०२० साली या विकरास रोखणारे बॅरिसिटिनिब हे संधिवाताचे औषध कोविडवर सुचविले गेले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गंभीर रुग्णांसाठी त्याची शिफारस केली. श्रेय मात्र मुख्यतः दाहशमनास दिले जाते. गुण आला म्हणून मूळ तर्कही सिद्ध झाला, असे आम्ही मानीत नाही.