बघून शिक, नाहीतर घरी जा



आपल्या पोरांवर एक जुना आरोप नवे कपडे घालून फिरतोय. "ही पोरं कामाला टिकत नाहीत." कराडच्या, साताऱ्याच्या, पुण्याच्या चकचकीत दुकानांतून तो निघतो आणि कोयनानगरच्या एसटी थांब्यापर्यंत पोचतो. पोचेपर्यंत त्याला शेपूट फुटलेलं असतं: "सवलतीची सवय लागलीय." या आरोपाचा हिशेब आज चुकता करायचाय. मी स्वतः अशाच एका दुकानात माल लावतो, तेव्हा ऐकीव सांगत नाही.

काम काय, ते आधी सांगतो. यात शिकायचं ते काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी क्रेट उचललेला नसतो. गाडी आली की माल उतरवायचा, चलनाशी ताडून बघायचा. गोदामातनं ट्रॉली भरून फळीवर आणायचा. जुना माल पुढं, नवा मागं. मुदत संपत आलेला वेगळा. कुठला साबण नजरेच्या उंचीवर, कुठला पायाशी, याचा नकाशा वरून ठरून येतो. किंमतपट्ट्या बदलायच्या, फुटलेलं-गळलेलं नोंदवायचं. हातातल्या स्कॅनरला हे सगळं ठाऊक असतं. फक्त तो स्कॅनर चालवायचा कसा, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

मला शिकवलं किती? एक व्हिडिओ, त्यात गिऱ्हाइकाकडं बघून हसायचं कसं ते. मग एक टी-शर्ट. आणि सुपरवायझरचं वाक्य: "डोळं हायती न्हवं? बघून शिक." बघायचं कुणाकडं? जुना पोरगा त्याच्या तीन रांगांत बुडालेला. विचारलं तर "एवढंबी कळत नाय?" न विचारता केलं तर महिनाअखेर शॉर्टेज म्हणून पगारातनं कापलं. माझ्याबरोबर चौघं लागले होते, दीड महिन्यात तिघं गेले. आता ते 'न टिकणाऱ्यां'त मोजले जाणार. सुपरवायझरलाही मी एकट्याला धरत नाही. त्याला तरी कुणी शिकवलं होतं? तोही असाच लाथा खात वर गेला.

हे सगळं हिशेबानं चाललंय. शिकवायला वेळ लागतो, वेळेला पैसे पडतात. पोरगा गेला तर दारात दुसरा उभाच आहे. शिकवण्याचा खर्च मालकाचा वाचतो, चुकीचा खर्च आपल्या पगारातनं निघतो आणि खापर आपल्या जातीवर फुटतं.

मित्रांनो, हा खेळ आपल्या आज्या-पणज्यांनी बघितलाय. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात शिरू देत नसत. चांगला पगार तिथंच. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, त्यानं बाकीच्यांना विटाळ होतो. 1928-29 च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला. हुन्नर हाताला लागू द्यायचा नाही आणि वर हुन्नर नाही म्हणून हिणवायचं, ही चाल तेव्हाची.

कुणी म्हणेल, आता कुठं विटाळ? त्या दुकानात सगळ्या जातींची पोरं एकसारखीच चरफडतात. खरंय. पण एखाद्याचा चुलता व्यापारी असतो, मामाचं किराणा दुकान असतं. संध्याकाळी घरात त्याला धंद्याची खोच कळते. आपल्या घरात दुकानदारी केली कुणी? ज्या गावानं आपल्या हातचं पाणी घेतलं नाही ते आपल्या दुकानातलं मीठ घेणार होतं का? म्हणून न शिकवण्याचा मार सगळ्यांना बसला तरी आपल्याला तो दुप्पट बसतो.

आता थोडं याच मातीबद्दल. पाटण तालुक्यातली माणसं मुंबईला पोती वाहायला गेली. याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत किराणा बाजार आणि दुकानांतलं माल चढवणं, उतरवणं, थप्पी लावणं ही कामं नावानिशी लिहिलीत. थप्पी लावणारा हा कामगार आहे, हे या महाराष्ट्रानं तेव्हाच मान्य केलं. तीच थप्पी काचेच्या दुकानात गेली की कामगाराचा 'असोसिएट' होतो आणि तो ठेकेदाराच्या वहीत गायब होतो. नाव इंग्रजी, राबणं तेच.

आणि कोयना? 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे इथं भूकंप झाला. माणसं मेली, घरं बसली, धरणाच्या काँक्रीटलाही भेगा गेल्या. म्हणालं का कुणी, की हे धरण टिकत नाही, टाका काढून? इंजिनियर आले, भेगा बुजवल्या, मागनं काँक्रीटचा आधार दिला. धरण आजही उभं आहे. त्याच्या पाण्यावर 1960 मेगावॅटचा प्रकल्प आहे. काँक्रीटला आधार, आणि हाडामासाच्या पोराला शिक्का!

आपल्यातले काही शिकलेले सांगतात, ही हमाली सोडा, स्पर्धा परीक्षेला बसा. बसा की! पण परीक्षेला बसणाऱ्यालाही रोज पोट असतं. सरकारी भरती आटत चाललीय, खाजगी दुकानात राखीव जागा नाहीत. जिथं आपली पोरं राबतात तिथली लढाई हलकी कशी? 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू दाखवले होते: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. 1942 ते 1946 ते मजूर खात्याचे प्रमुख असताना कामगारांच्या तंत्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडं होती. शिकवणं ही मालकाची मेहेरबानी नव्हे.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. पहिला आठवडा शिकण्याचा, पूर्ण पगाराचा. सोबतीला जुना कामगार, आणि शिकवायला त्याला कामातनं मोकळीक. सगळं काम मराठीत लेखी. शॉर्टेज कापायच्या आधी विचारणा. ही शेवटची गोष्ट तर आम्ही नव्यानं मागतच नाही. नुकसानीपोटी कापण्याआधी कामगाराला बाजू मांडू दिली पाहिजे, हे 1936 च्या वेतन कायद्यात होतं आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे. पुढच्या वेळी कापलं की विचारा: माझं म्हणणं कधी घेतलं? कुठं नोंदलं? एकट्यानं विचारू नका, चौघं मिळून विचारा.

आणि मालक शिकवेल तेव्हा शिकवेल. तोवर दर रविवारी विहारात बसा. ज्याला स्कॅनर येतो त्यानं ज्याला येत नाही त्याला दाखवावा. चलन कसं वाचायचं, पगाराच्या पावतीत कुठं हात मारलाय, सगळं फळ्यावर लिहा. पोरींनाही बोलवा, बिलाच्या काउंटरवर त्यांची गत याहून वेगळी नाही. ज्ञान दडवून ठेवणाऱ्यांनी आपल्याला हजारो वर्षं बाहेर उभं केलं. आपण ते दडवायचं नाही, फुकट वाटायचं.

जय भीम!